जिभेवरचा खोटा नकाशा

गोड टोकावर, आंबट-खारट कडांना, कडू पार मागे. जिभेचा हा नकाशा शाळेत कित्येक पिढ्यांनी काढला, रंगवला आणि त्याचे गुणही मिळवले. तो खोटा आहे. कारल्याच्या रसाचा थेंब जिभेच्या टोकावर ठेवून पाहावा. मागच्या भागाची वाट न पाहता तोंड वाकडे होते.

नकाशाचे मूळ १९०१ मधले. डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागांच्या संवेदनक्षमतेत किरकोळ फरक आढळले होते. १९४२ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात त्या आकड्यांचा आलेख असा काढला की, ‘थोडी कमी’ संवेदना म्हणजे ‘मुळीच नाही’ असा वाचकांचा समज झाला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजमाप केले. फरक किरकोळच निघाले. पण पाठ्यपुस्तकात एकदा शिरलेले चित्र सहजासहजी हलत नाही.

दुसरा गैरसमज आपल्या जास्त जिव्हाळ्याचा: तिखट ही चव आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखटाला जागा आहे आणि ताटापुरते ते ठीकच. शरीराचा हिशेब मात्र वेगळा. मिरचीतले कॅप्सेसिन चवीच्या पेशींना विचारतही नाही. ते थेट मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला चिकटते. हा ग्राही एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर, चटका बसू लागला की उघडतो. मेंदूला वर्दी जाते ती भाजल्याची, म्हणून तर तांबडा रस्सा निवला तरी कपाळावर घाम येतो. लवंगी मिरच्या चिरल्यावर बोटांची आग होते. बोटांना काही चव कळत नाही. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा मोठा वाटा होता. पक्ष्यांच्या याच ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पिंजऱ्यातला पोपट मिरची खातो त्यात शौर्य काहीच नाही.

तिखट लागल्यावर पाण्याचा तांब्या उपयोगाचा नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध बरे, त्यातले केसीन ते धरून धुऊन नेते.

सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ म्हणतात, तेव्हा जीभ बहुधा शाबूत असते. वेलची घातलेले श्रीखंड नाक दाबून खावे: गोड आणि आंबट, बस्स. नाक सोडताच वेलची उमटते. घास चावताना सुटलेला वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो चवीत मिसळून सगळे श्रेय जिभेला देतो.

डोळ्यांचाही यात हात असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली गेली, बिनवासाच्या रंगाने लाल केलेली. तिच्या वासाचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. कानही मागे नाहीत. इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झॅम्पिनी यांनी बटाट्याचे चिप्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनवरून ऐकवला. आवाज वाढवला, विशेषतः त्यातले चढे सूर, की तेच चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे लागले.