गणिताचे प्राध्यापक आणि आमची गॅलरी

गिरगावातल्या आमच्या गॅलरीत मी भाजीची देठे डब्यात पुरू लागलो, तेव्हा सौ.ने तीन दिवस अबोला धरला. या वेडाचे मूळ कोल्हापुरात. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' काढून द्राक्षबागायतदारांनाच संशोधक बनवले: निरीक्षण करा, नोंदी ठेवा, एकमेकांस कळवा! (पदवी कोणी विचारली नाही.) तीच रीत प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर आणली. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची माती झाली, मातीवर फळबाग.

आमच्या डब्याला मात्र पहिल्या खेपेस दुर्गंधीच सुटली. वाळका पाला घालायचा राहिला होता. शेजारच्या काकू भांडून गेल्या. दुसऱ्या खेपेस मेथी उगवली. सौ.ने काही न बोलता ती खुडली आणि वाटीभर भाजी काकूंकडे पाठवली.