अकलूजची वाइनरी : माळशिरसच्या शिवारातील युरोपीय द्राक्षे

सोलापूर शहरापासून सुमारे ११५ किलोमीटरवर, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळच्या मोटेवाडीच्या शिवारात फ्रातेल्ली व्हिनयार्ड्स ही वाइनरी, म्हणजे द्राक्षाचा रस आंबवून त्याची वाइन करणारा कारखाना, उभी आहे. ज्वारी, ऊस आणि डाळिंब यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात इटली, फ्रान्स व जर्मनीतील द्राक्षवाणांची वाइन तयार व्हावी, हे वरवर पाहता नवलाचे वाटते; परंतु या जिल्ह्याने द्राक्षशेतीची पूर्वतयारी बऱ्याच आधी केलेली होती.

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या परदेशी वाणातून लांबट मण्यांचा सोनाका निवडून काढला आणि काळ्या द्राक्षांमध्ये शरद सीडलेस हा वाण रूढ केला. थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने गाळून सुप्तावस्थेत जातो, तशी विश्रांती दख्खनच्या उष्ण हवेत त्याला मिळत नाही. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करून वेलीचे चक्र माणसाला ठरवावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांमध्ये घडांची बीजे तयार होतात आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ते घड बाहेर पडून जानेवारी ते मार्च या काळात पिकतात. पर्जन्यछायेतील कमी पाऊस, हिवाळ्यातील थंड रात्री आणि कालव्याच्या व ठिबकच्या पाण्याची जोड यांमुळे ही पद्धत येथे रुजली.

याच आधारावर २००७ च्या सुमारास तीन कुटुंबांनी एकत्र येऊन ही संस्था उभारली. त्यांत अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, उद्योजक कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेआ व आलेस्सिओ सेक्की हे बंधू होते. वाइनची सूत्रे तोस्काना प्रांतातील अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्याकडे देण्यात आली. मोटेवाडीबरोबरच निमगाव व गारवाड येथील जमिनी लागवडीसाठी निवडून सुमारे साडेतीन लाख कलमे फ्रान्सहून आणण्यात आली. लावलेल्या बारा वाणांमध्ये तोस्कानाचा सांजोवेझे, फ्रान्सचे कॅबर्ने सोविन्यों व शार्दोने आणि म्युलर-थुरगाउ यांचा समावेश होता. यांतील शेवटचा वाण स्वित्झर्लंडच्या थुरगाउ परगण्यातील हेर्मान म्युलर यांनी १८८२ मध्ये ऱ्हाइनकाठच्या गाइझेनहाइम येथे संकर करून तयार केला होता. सुमारे ५० अक्षांशावरील जर्मनीसाठी घडवलेला वेल १८ अक्षांशाजवळच्या माळशिरसमध्ये लावणे, हा या उपक्रमातील धाडसाचा भाग होता.

खाण्याच्या द्राक्षांत मुरलेल्या शेतकऱ्याला वाइनच्या बागेत काही सवयी उलट्या कराव्या लागतात. बाजारासाठी मणी टपोरा, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा असतो, म्हणून मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवले जातात. वाइनसाठी मात्र लहान, बियांचा आणि जाड सालीचा मणी लागतो, कारण तांबड्या वाइनचा रंग मुख्यतः सालीतून येतो आणि तिला तुरटपणा देणारी टॅनिन ही द्रव्ये मुख्यतः साल आणि बियांत असतात. त्यामुळे वेलीवरचा भार मुद्दाम कमी ठेवला जातो.

तोडणीनंतर काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात, तर पांढऱ्या वाइनसाठी रस आधी दाबून वेगळा काढून तुलनेने कमी तापमानात आंबवतात. यीस्ट हे सूक्ष्मजीव रसातील साखरेचे अल्कोहोल आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात, आणि ही क्रिया तापू नये म्हणून पोलादी टाक्यांभोवती थंड द्रव फिरवला जातो. सांजोवेझे व कॅबर्ने सोविन्यों यांच्या मिश्रणाची ‘सेत्ते’ ही या संस्थेची प्रतिष्ठेची वाइन त्यानंतर ओक लाकडाच्या पिंपांत मुरवली जाते.

बिअरशी तुलना केल्यास या कारखान्याचे स्थान अधिक स्पष्ट होते. बिअरचा कच्चा माल असलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, साठवता आणि दूरवर पाठवता येते. त्यामुळे २००९ मध्ये जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांच्या मार्गदर्शनाखाली डूलालीसारखे लघु बिअरगृह पुणे शहरात सुरू होऊ शकले. ताजे द्राक्ष मात्र तोडल्यावर थोड्याच वेळात गाळपाला लागते, म्हणून वाइनरीला साखर कारखान्याप्रमाणे शिवारातच राहावे लागते आणि तिचे वर्षभराचे भवितव्य एकाच हंगामावर ठरते.

महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला करसवलती दिल्या आणि नाशिकच्या आसपास अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. परंतु २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटताच अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. फ्रातेल्लीने स्वतःच्या बागांवर भर देऊन गुणवत्तेची सूत्रे हाती ठेवली, हे तिचे बलस्थान आहे. मात्र त्यामुळेच जिल्ह्यातील सामान्य बागायतदार आजही प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांवर आणि बेदाण्यावरच अवलंबून आहे. वाइनसाठी द्राक्षे पिकवण्याची क्षमता सोलापूरच्या मातीत आहे, एवढे या वाइनरीने सिद्ध केले आहे. त्या क्षमतेचा लाभ लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम अजून व्हायचे आहे.