खड्ड्यातली मगर आणि आपल्या हातातला खडू

पावसाळा सुरू झाला की आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे फोटो हमखास येतात. एक कांदाभजीचे, दुसरे खड्ड्यांचे. ऑफिसला पोचेपर्यंत कंबर ढिली झालेली असते. मग लिफ्टमध्ये दोन मिनिटं सिस्टीमला शिव्या, ग्रुपवर एक लालबुंद स्मायली आणि अकराची मीटिंग. झालं, संपला आपला नागरिकधर्म! राग खोटा नसतो हो. फक्त त्याचं पुढे करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं.

या रागाचं काही रंगीत, गमतीदार आणि मुख्य म्हणजे कामाचं करता येतं का? हे शोधताना मला पहिली भेटली ती एक मगर. बेंगळुरूची!

मगर आली, खड्डा गेला

जून २०१५. बेंगळुरूच्या सुलतानपाळ्यात रस्त्याच्या मधोमध भलाथोरला खड्डा पाण्याने भरला होता. बादल नंजुंडस्वामी या कलाकाराने रंग मारून त्याचं छानपैकी तळं केलं आणि त्यात सोडली मगर. खोटी, पण खऱ्याएवढी मोठी. लोक थबकले, फोटो निघाले, बातम्या झाल्या. मग काय, पालिकेने तो खड्डा दुरुस्त केला.

२०१९ मध्ये याच पठ्ठ्याने एका नटाला अंतराळवीराचा पोशाख चढवून खड्डेवाल्या रस्त्यावरून संथपणे चालवलं. व्हिडिओ बघताना वाटतं, अरे, हा तर चंद्र! तेवढ्यात बाजूने रिक्षा जाते आणि हसून हसून पुरेवाट होते. त्या रस्त्याचंही काम लगेच सुरू झालं.

मुंबईकरांना २०१७ आठवत असेल. आरजे मलिष्काने ‘सोनू’च्या चालीवर महापालिकेची फिरकी घेतली आणि गल्लीगल्लीत तेच गाणं वाजायला लागलं.

यात जादू काही नाही. रोज दिसणाऱ्या खड्ड्याची आपल्याला सवय होते, आणि सवय झालेली गोष्ट दिसेनाशी होते. कला ती सवय मोडते. तक्रारीचा अर्ज फायलीत दाबता येतो, पण ज्याच्यावर अख्खा देश हसलाय तो खड्डा कुठे लपवणार?

तरी एक प्रश्न उरतोच. मगर बादलची, टाळ्या आपल्या. मग पुढच्या खड्ड्यालाही बादलनेच यायचं का?

चौकातले मुके शिक्षक

याचं उत्तर दूर कोलंबियात, बोगोटा शहरात मिळतं. १९९५ मध्ये तिथे महापौर झाला अंतानास मॉकुस. गणित आणि तत्त्वज्ञान यांतला माणूस, विद्यापीठाचा माजी कुलगुरू. शहराची वाहतूक म्हणजे आनंदीआनंद होता. या गृहस्थाने चौकात उभे केले मूकनट! आधी वीस, मग वाढत वाढत चारशेच्या वर. चेहरे पांढरे रंगवलेले. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आली की नट ती ढकलून मागे नेण्याचा अभिनय करायचा. कुणी कसाही रस्ता ओलांडला की मागे मागे त्याची नक्कल. ना दंड, ना शिट्टी. चौकातले लोक हसायचे आणि चालक ओशाळून गाडी मागे घ्यायचा.

पण मला खरी भावली ती पुढची आयडिया. महापालिकेने साडेतीन लाख कार्डं वाटली, अंगठा वर आणि अंगठा खाली दाखवणारी. कुणी सभ्यपणे थांबला, दाखवा वर. कुणी घुसला, दाखवा खाली. म्हणजे चौकातलं नाटक नटांच्या हातातून थेट तुमच्या-माझ्या हातात! पाणीटंचाईत हा महापौर टीव्हीवर अंघोळ करताना दिसला, साबण लावेपर्यंत नळ बंद ठेवून. पादचारी जिथे मेले, तिथे रस्त्यावर तारे रंगवले गेले, सुमारे १५०० तारे. २००१ मध्ये तो पुन्हा महापौर झाला आणि त्याने लोकांना दहा टक्के जादा कर स्वखुशीने भरायला सांगितलं. तब्बल ६३ हजार लोकांनी भरला! दशकभरात तिथले रस्त्यावरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याचं सगळं श्रेय मूकनटांना देता येणार नाही. कायदे, बससेवा, पोलीस यांतही बदल झाले होते. पण नियम पाळणं ही आपली गोष्ट आहे, हे लोकांना आधी पटलं ते या खेळामुळे.

आपल्याकडचा ओरिजिनल

‘हे सगळं फॉरेनमध्ये ठीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव, गाडगेबाबा. १८७६ ते १९५६ या आयुष्यातला बराचसा काळ बाबांनी हातात खराटा घेऊन काढला. गावात पोचले की आधी झाडलोट. ते बघून लाजेकाजेने का होईना, गावकरीही हात लावायचे. रात्री कीर्तन. तेही एकतर्फी नाही. प्रश्न बाबांचे, उत्तरं समोर बसलेल्यांची. दिवसा खराटा लोकांच्या हाती, रात्री बोलणं लोकांच्या तोंडी. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, ते उगाच नाही.

आता आपले रविवारचे उपक्रम बघा. भिंत रंगवली, मोर काढला, सेल्फी घेतला, वडापाव खाल्ला, घरी. भिंत झकास दिसते, त्याबद्दल वादच नाही. पण तिच्या पायथ्याशी गटार तसंच तुंबलेलं असेल, तर तो मोर नुसता मेकअप. माझ्या मते कलेची परीक्षा एकच: बघणाऱ्याला पुढे काहीतरी करता आलं का?

गाळलेल्या जागा भरा

२०१० मध्ये कँडी चँग या कलावतीने अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये एक साधी गोष्ट केली. रिकाम्या पडलेल्या इमारतींवर स्टिकर लावले. त्यावर एवढंच की ‘इथे अमुक असतं तर’, आणि त्या ‘अमुक’च्या जागी कोरी रेघ. ज्याला जे हवं ते त्याने लिहावं.

हे वाचलं आणि आम्ही चार मित्रमैत्रिणींनी आमच्या बसस्टॉपजवळ तेच केलं. सोसायटीच्या परवानगीने कंपाउंडवर काळा कागद लावला, वर लिहिलं, ‘या कोपऱ्यावर ______ हवं’, आणि खडू ठेवले. सकाळी ऑफिसवाल्यांनी लिहिलं: पार्किंग, कॉफी शॉप, वायफाय. दुपारनंतर अक्षरं बदलली. ‘बसायला बाक.’ ‘दिवा.’ आणि तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, ‘बायकांसाठी संडास’. घरकामाला येणाऱ्या एका ताईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि भाजीवाल्या काकांनी लिहिलं. “सकाळी सहाला घर सोडतो, दुपारपर्यंत पाणीच पीत नाही,” त्या म्हणाल्या.

मी हातातला खडू नुसताच फिरवत राहिले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज ढीगभर मेसेज पडतात. हा विषय तिथे कधीच निघाला नव्हता, कारण या बायका ग्रुपवर नाहीतच.

त्या कागदाचा फोटो, खाली सह्या आणि अर्ज, असं सगळं आम्ही पालिकेच्या कार्यालयात दिलं. दिवा लागलाय. बाकाची जागा बघून गेलेत. संडासाचं अजून लटकलंय, पण आता दर महिन्याला विचारायला आम्ही चौघं नसतो. त्या ताई आणि त्यांच्या मैत्रिणी पुढे असतात, आम्ही मागे.

करून बघायचंय?

* एक जागा, एक प्रश्न. ‘शहर सुंदर करू या’ नको, ‘या कोपऱ्यावर काय हवं?’ विचारा.
* भिंतीच्या मालकाची परवानगी घ्या. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे.
* दिवसभर थांबा. सकाळी सात आणि दुपारी दोन, दोन्ही वेळची माणसं वेगळी असतात.
* लिहिता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी हवं. तुम्ही फक्त लिहून घ्या, भर घालू नका.
* शेवट अर्जाने करा आणि आवक क्रमांक घ्या. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सूचनांमधून बजेटमध्ये कामं घ्यायला सुरुवात केली. तुमच्या शहरात अशी सोय आहे का, ते विचारा.

खर्च? काळा कागद आणि खडूची पेटी. कॉफी शॉपमधल्या एका कपाहून कमीच!