फाटकाची किल्ली आणि क्रमांकांची वही

सांगलीच्या हळदपेठेत आडत दुकान असलेले एक एकत्र कुटुंब. दुकान आणि वखार पेठेत, राहणे मात्र मिरज रस्त्याकडील एका वसाहतीत. घराला बारा फूट रुंदीचे लोखंडी सरकते फाटक आहे. ते ओढणे घरातील वडीलधाऱ्यांना जड जाऊ लागले, तेव्हा मुलांनी त्याला विजेची मोटार बसवून घेतली. मोटारीबरोबर तीन रिमोट मिळाले. एक थोरल्या मुलाच्या गाडीत राहिला, दुसरा धाकट्याच्या गाडीत आणि तिसरा दिवाणखान्यातील खुंटीवर. घरात माणसे नऊ. शिवाय स्वयंपाकाच्या बाई, गाडीचा चालक आणि बागेचे काम पाहणारा गडी.

पहाटे साडेपाचला मंदिरात जाण्याचा आजींचा अनेक वर्षांचा नेम. श्रावणातील एका पहाटे त्या खुंटीवरचा रिमोट घेऊन गेल्या. परतल्या तेव्हा रिमोटमधील सेल संपलेला होता. घंटेचे बटण फाटकाच्या आत, दारापाशी. हाक घरापर्यंत पोहोचेना. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी पाऊण तास पावसात उभ्या राहिल्या. आपल्याच घराबाहेर!

त्याच दिवशी नातवाने उपाय सुचविला : फाटकाच्या खांबावर बिनतारी कीपॅड बसवावा. आकडे दाबले की फाटक उघडेल. रिमोट नको आणि मोबाइलही नको. अण्णांनी, म्हणजे घराच्या कर्त्या पुरुषाने, मात्र लगेच संमती दिली नाही. “किल्ली कमरेला असते, ती कुणाकडे आहे हे कळते. आकडा मात्र या कानाचा त्या कानाला होतो आणि कुणाकुणाकडे गेला ते कळत नाही,” असे त्यांचे म्हणणे पडले. या आक्षेपात तथ्य होते, आणि त्यामागे एक जुने दुःखही होते. त्याचा उल्लेख पुढे येईलच. आधी हे यंत्र काय करते ते पाहू.

कीपॅडचे काम

बिनतारी कीपॅड म्हणजे भिंतीवर बसविलेला आणि आकड्यांनी कुलूपबंद केलेला रिमोटच होय. योग्य क्रमांक दाबला की तो रेडिओलहरींद्वारे संदेश पाठवितो. मोटारीच्या पेटीतील रिसीव्हर तो संदेश ओळखतो आणि फाटक चालू करतो. अशी बहुतेक उपकरणे ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. कीपॅड स्वतःच्या सेलवर चालत असल्याने खांबापर्यंत तार ओढण्यासाठी फरशी उकरावी लागत नाही.

खरेदी करताना एक प्रश्न अवश्य विचारावा : संदेश कायमचा एकच आहे की दर वेळी बदलणारा? जुन्या पद्धतीत प्रत्येक वेळी तोच संदेश जातो. कुणी तो टिपून ठेवला तर पुन्हा वापरू शकतो. दुसऱ्या पद्धतीला ‘रोलिंग कोड’ म्हणतात. तीत संदेश दर वेळी बदलतो आणि एकदा वापरलेला संदेश रिसीव्हर पुन्हा स्वीकारत नाही. एकदा वटलेला धनादेश बँकेत दुसऱ्यांदा वटत नाही, तसाच हा प्रकार. व्यापारी घरांनी दुसऱ्या पद्धतीचाच कीपॅड घ्यावा.

कीपॅड आणि मोटार एकाच कंपनीची असल्यास जोडणी सोपी होते. नसल्यास कीपॅडबरोबर स्वतंत्र रिसीव्हर घेऊन त्याच्या तारा मोटारीच्या बोर्डवरील पुशबटणाच्या जागी जोडता येतात.

जागेची निवड

भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी कीपॅड हातात धरूनच ठरविलेल्या जागेवरून फाटक चालते का, हे चारपाच वेळा पाहावे. सळयांचा जाड खांब आणि लोखंडी पत्रा यांमुळे लहरी क्षीण होतात. कधी दोन फूट सरकल्यानेही मोठा फरक पडतो.

फाटक जिथून स्पष्ट दिसते, पण फाटकाला हात पोहोचत नाही, अशी जागा उत्तम. यूएल ३२५ या अमेरिकी मानकानुसार असे नियंत्रण फाटकाच्या हलत्या भागापासून किमान सहा फूट दूर असावे लागते. गजांतून हात घालून बटण दाबण्याच्या प्रयत्नात अपघात होतात. हा नियम त्यासाठीच आहे. पायी येणाऱ्यांसाठी सुमारे चार फूट उंची सोयीची पडते. गाडीतूनच आकडे दाबायचे असल्यास उंची कमी ठेवावी आणि कीपॅड आत येताना उजव्या हाताला असावा, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. या घरात गाड्यांना रिमोट होतेच. म्हणून कीपॅडची उंची आजींच्या खांद्याच्या बेताने ठरली आणि अंधारात अंक उजळणारा नमुना निवडण्यात आला.

स्क्रू न गंजणारे असावेत. वरून पावसाची ढापणी असावी. कीपॅडच्या वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन भरावे. खालची कड मात्र मोकळी ठेवावी, म्हणजे आत शिरलेले पाणी निचरून जाते. मोटारीच्या पेटीत तारांसाठी केलेली छिद्रे बुजविणेही तितकेच आवश्यक आहे. मुंग्या आणि पाली आत शिरल्या की यंत्र बिघडते आणि त्या जिवांचाही नाश होतो.

दोन टप्पे

यानंतरचे काम दोन टप्प्यांत होते. कळांचा नेमका क्रम कंपनीनुसार बदलतो, म्हणून माहितीपुस्तिका हाताशी हवी. तत्त्व मात्र बहुधा सारखेच असते.

पहिला टप्पा रिसीव्हरला कीपॅडची ओळख करून देण्याचा. मोटारीच्या बोर्डवर ‘लर्न’ नावाचे लहान बटण असते. ते क्षणभर दाबले की दिवा लागतो आणि काही सेकंदांच्या आत कीपॅडवरून संदेश पाठवावा लागतो. दिवा लुकलुकला की ओळख पटली. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. बोर्ड चालू असल्याशिवाय ही कृती होत नाही आणि त्याच पेटीत २३० व्होल्टचा प्रवाह असतो. म्हणून हे काम माहितगार वायरमनकडूनच करून घ्यावे. दुसरे असे की, काही बनावटींत ‘लर्न’ बटण जास्त वेळ दाबून धरल्यास आधी साठविलेले सर्व रिमोट पुसले जातात.

दुसरा टप्पा क्रमांकांचा. प्रत्येक कीपॅडला कारखान्यातून एक मुख्य क्रमांक दिलेला असतो आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. तीच पुस्तिका त्या बनावटीच्या प्रत्येक ग्राहकाकडे जाते. त्यामुळे हा मुख्य क्रमांक न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवणे. तो आधी बदलावा. मगच वापरणाऱ्यांचे क्रमांक भरावेत. यासाठी यंत्रात ०१, ०२, ०३ असे खाने असतात आणि प्रत्येक खान्यात एक क्रमांक साठविता येतो. अशी सोय नसलेले, सर्वांना मिळून एकच क्रमांक असणारे स्वस्त नमुनेही बाजारात मिळतात. ते घेऊ नयेत.

आकडे किती आणि कोणते

चार आकडी क्रमांकाची परंपरा बँकांतून आली. बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेस एनफिल्ड येथे रोख रक्कम देणारे यंत्र बसविले. ते साकारणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली आपल्या शिलाँगचा. सहा आकडी क्रमांक ठेवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु पत्नीने आपल्या लक्षात चारच आकडे राहतात असे सांगितल्याने चार ठरले, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली.

चार आकड्यांचे दहा हजार क्रमांक होतात. ही संख्या मोठी वाटते, पण तिला एक छिद्र आहे. वर्षानुवर्षे त्याच चार कळा दाबल्या गेल्या की त्या गुळगुळीत आणि मळकट दिसू लागतात. पाहणाऱ्याला चार आकडे कळले की त्यांची मांडणी फक्त २४ प्रकारे होऊ शकते. दहा हजारांचे कुलूप चोविसांवर येते. म्हणून क्रमांक अधूनमधून बदलावा, कळा पुसाव्यात आणि शक्य असल्यास सहा आकडे ठेवावेत. निरनिराळ्या माणसांचे निरनिराळे क्रमांक असले की सर्वच कळा वापरात राहतात, हा आणखी एक लाभ. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थोडा वेळ बंद पडणारा कीपॅड अधिक चांगला.

१२३४, जन्मसाल, गाडीचा क्रमांक किंवा दुकानाच्या पाटीवरचा दूरध्वनी हे सारे टाळावे. आजींनी माहेरच्या दुकानाच्या जुन्या, केव्हाच बंद झालेल्या दूरध्वनीचे आकडे निवडले. ते त्यांना पाठ होते आणि घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते.

वही

आता अण्णांच्या आक्षेपाकडे वळू. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या वखारीच्या कार्यालयाला एकच कुलूप होते. त्याच्या तीन सारख्या किल्ल्या तिघांकडे असत. एकदा गल्ल्यातील रक्कम कमी भरली. किल्ली तिघांकडे होती. संशय मात्र सर्वांत गरीब माणसावर, गुमास्त्यावर गेला. कुणी स्पष्ट आरोप केला नाही, पण नजरा बदलल्या आणि तो काम सोडून गेला. वर्षअखेरीस ताळा घेताना ती तूट जमाखर्चातील चूक निघाली. अण्णा स्वतः त्याच्या गावी गेले, हात जोडले. पण तो परत आला नाही.

सामाईक किल्लीचा खरा दोष हाच आहे. ती चोराला आत सोडते की नाही हा पुढचा प्रश्न. प्रामाणिक माणसाला मात्र ती संशयापासून वाचवू शकत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात आणि किल्ली हातात घेताना व देताना नोंदवहीत सही होते. ही पद्धत अविश्वासातून आलेली नाही. उद्या प्रश्न उद्भवला तर निर्दोष माणसाला नोंदीकडे बोट दाखविता यावे, म्हणून ती आहे.

कीपॅडलाही अशीच वही लागते, कारण यंत्र खाना ओळखते. माणूस ओळखत नाही. खाना ०४ कुणाचा हे वहीत नसेल तर एकाचा क्रमांक काढण्यासाठी सर्वांचे क्रमांक पुसून पुन्हा भरावे लागतात. साधे कीपॅड कोण केव्हा आले याची नोंदही ठेवत नाहीत. तशी सोय हवी असल्यास वेगळा नमुना घ्यावा लागतो. वहीत चार रकाने पुरेत : खान्याचा क्रमांक, व्यक्तीचे नाव, दिल्याची तारीख, काढल्याची तारीख. प्रत्यक्ष सांकेतिक क्रमांक वहीत लिहू नये. मुख्य क्रमांक घरातील दोघांना ठाऊक असावा आणि बंद पाकिटात घालून कपाटात ठेवावा. या घरात तो अण्णा आणि थोरल्या सूनबाई यांच्याकडे आहे.

यंत्राच्या मर्यादा

कीपॅडमुळे फाटक उघडणे सोपे होते. फाटकाचे वजन कमी होत नाही. लोखंडी सरकते फाटक तीनचारशे किलोंचे असू शकते. वाटेत कुणी आल्यास फाटक थांबविणारे प्रकाशसंवेदक चालू आहेत ना, हे महिन्यातून एकदा काठी आडवी धरून पाहावे. हे संवेदक साधारण दीडदोन फुटांवर बसवितात. मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू त्यांना दिसत नाही. खालच्या बाजूला आणखी एक जोडी बसविल्यास या मुक्या जिवांचेही रक्षण होते. मुलांना फाटकाचा खेळ करू देऊ नये.

वीज गेल्यास मोटारीला बॅटरीचा आधार आहे का, हे पाहून ठेवावे. मोटार मोकळी करून फाटक हाताने सरकविण्याची एक लहान किल्ली मिळते. ती कुठे आहे आणि कशी फिरवावी, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. कीपॅडचे सेल वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी बदलावेत. दिवाळीत वहीपूजनाचा दिवस लक्षात ठेवण्यास सोपा. बदलल्याची तारीख झाकणाच्या आत लिहून ठेवावी.

कीपॅड बसल्यापासून आजींचा पहाटेचा नेम निर्वेध चालला आहे. गेल्या हिवाळ्यात गाडीचा चालक नोकरी सोडून आपल्या गावी शेतीकडे परतला. निघण्याच्या दिवशी अण्णांनी त्याचा हिशेब पूर्ण केला, हातावर वरची रक्कम ठेवली आणि त्याला फाटकापाशी नेले. खाना ०६ त्याच्या देखतच रिकामा केला. त्याने आपले आकडे दाबून पाहिले. लाल दिवा लागला. मग वही उघडून अण्णांनी काढल्याची तारीख लिहिली आणि त्याची सही घेतली.

“आता या घरात काहीही झाले तरी तुझे नाव निघणार नाही,” ते म्हणाले.