बालकांचे आहारग्रहण-विकार आणि तज्ज्ञांची समन्वित उपचारपद्धती

प्रस्तावना :

मूल जेवत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि बहुतांश वेळा ती वयाबरोबर ओसरते. काही बालकांच्या बाबतीत मात्र गिळण्याची क्रियाच सदोष असते, तर काहींना अन्न समोर येताच भीती वाटते. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने या अवस्थेची सहमतीने व्याख्या केली. वयानुरूप अन्नग्रहण तोंडावाटे किमान दोन आठवडे होत नसेल आणि त्यासोबत वैद्यकीय, पोषणविषयक, कौशल्यविषयक अथवा मनोसामाजिक यांपैकी एका तरी क्षेत्रात बिघाड असेल, तर त्यास बालकांचा आहारग्रहण-विकार म्हणावे, असे ती सांगते. प्रस्तुत लेखात या चारही क्षेत्रांतील तज्ज्ञांनी एकत्र काम करणे का आवश्यक ठरते, याचा विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप :

अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे उदाहरण घेऊ. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भकालाच्या साधारणतः ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बालकास नाकातून घातलेल्या नळीने दूध द्यावे लागते. कित्येक आठवडे त्याच्या तोंडाशी येते ती नळी, चिकटपट्टी आणि स्राव ओढणारे यंत्र. पुढे उष्टावणाच्या वयात चमचा जवळ येताच ते मान फिरवते, आई बळेच भरवते आणि नकार अधिक दृढ होतो. मूळ कारण शारीरिक असले तरी त्यावर भीतीचा थर चढलेला असतो.

याहून गंभीर बाब म्हणजे अन्नकण श्वासमार्गात जाऊनही बालकास खोकला येत नाही, अशी अवस्था. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांत ती विशेष आढळते. वारंवार होणारा न्यूमोनिया हीच तिची खूण असू शकते. बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणांच्या चलचित्राने ती पाहता येते. (आडवे घालून बोंडल्याने दूध ओतण्याची आपल्याकडील रीत अशा बालकास निश्चितच धोक्याची आहे.)

समन्वयाची गरज :

बालरोगतज्ज्ञ आम्लपित्त वर येणे, हृदयविकार, बद्धकोष्ठता यांचा शोध घेतो. वाचा-उपचारतज्ज्ञाचा जेवणाशी काय संबंध, असा प्रश्न पालक विचारतात. परंतु बोलण्याचे व गिळण्याचे अवयव पुष्कळ अंशी एकच आहेत. व्यवसायोपचारतज्ज्ञ बसण्याची ठेवण व स्पर्शाची संवेदनशीलता पाहतो.

खरी अडचण तज्ज्ञांच्या संख्येची नसून त्यांच्या सल्ल्यांतील विसंगतीची आहे. आहारतज्ज्ञ सांगतो, दर दोन तासांनी तूप घातलेली पेज द्या. मानसशास्त्रज्ञ म्हणतो, भूक लागू द्या, आग्रह नको. वाचा-उपचारतज्ज्ञ पातळ पदार्थच थांबवतो. आपापल्या जागी तिघेही बरोबर असतात, परंतु तीन चिठ्ठ्या घेऊन स्वयंपाकघरात उभी राहते ती आई. म्हणून अनुक्रम सर्वांनी मिळून ठरवावा लागतो : प्रथम सुरक्षित गिळणे, नंतर वजन, त्यानंतर चव व वैविध्य. वजनाची जबाबदारी काही काळ नळीवर सोपवली, तर तोंडाने केवळ चाखण्याचा सराव दडपणाविना होतो. पुढे वजनावर लक्ष ठेवून नळीचे दूध क्रमाने कमी करता येते. सर्व तज्ज्ञांनी प्रत्यक्ष जेवण एकत्र पाहणे हे कोणत्याही लेखी अहवालापेक्षा अधिक उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ :

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजसेवक यांची पदे एकाच छताखाली कल्पिलेली आहेत. आहारग्रहण-विकारासाठी ही रचना अनुकूल आहे. मात्र प्रत्येक तज्ज्ञाने स्वतंत्र वार दिल्यास तिचा लाभ उरत नाही. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मजूर कुटुंबाचा प्रत्येक फेरीस एका दिवसाचा रोजगार बुडतो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ते येणेच सोडून देण्याची शक्यता असते. अशा बालकांसाठी महिन्यातील एक ठरावीक दिवस सर्वांनी मिळून राखून ठेवणे, आणि त्या दिवशी आईने घरून आणलेल्या डब्यातलेच अन्न भरवून पाहणे, एवढी व्यवस्था उपलब्ध मनुष्यबळातही शक्य आहे.