टीम जिंकली, पण तू काय केलंस?

प्रेझेंटेशनवर नावं चौघांची आणि रात्र जागवली एकट्या तुम्ही? मग मैदानावरच्या मुलींची ही गोष्ट खास तुमच्यासाठी!

ऑफिसात कुणी 'टीमवर्क' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. काम सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हा अनुभव कुणाला नाही? मजा म्हणजे, यावर शंभर वर्षांपूर्वीच संशोधन झालंय. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-इंजिनीअरने माणसांना दोर ओढायला लावला. निष्कर्ष 1913 मध्ये छापून आले. आठ जण एकत्र ओढत, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने लावलेल्या जोराच्या जेमतेम निम्मा! थोडा जोर ताळमेळ न जुळल्याने वाया जातो, उरलेला 'बाकीचे आहेतच की' यात. मानसशास्त्रात याला 'सोशल लोफिंग' म्हणतात. आपला शब्द जास्त झकास आहे, अंगचोरी!

मुली कमी अंगचोर?

1993 मध्ये कराउ आणि विल्यम्स या अभ्यासकांनी असे 78 अभ्यास एकत्र तपासले. बायका पुरुषांपेक्षा कमी अंगचोरी करतात, असं दिसलं. (बॉईज, सॉरी!) पण कमी म्हणजे शून्य नाही. मग अंगचोरी थांबते कशाने? उत्तर 1989 च्या एका अभ्यासात आहे. कॉलेजच्या जलतरणपटूंच्या रिलेत प्रत्येकाची वेळ जाहीर केली नाही, तेव्हा ते एकट्याने पोहतात त्यापेक्षा हळू पोहले. वेळ जाहीर केली आणि तेच खेळाडू रिलेत जास्त वेगाने पोहले. माणसं तीच, पाणी तेच. फरक एवढाच की, आपला वाटा कुणीतरी मोजतंय!

आपल्या कबड्डीत हे हिशेब आधीपासून आहेत. चढाईला गेलेली मुलगी 30 सेकंद एकटी असते. तिथे अंग चोरणार कुठे? खरी परीक्षा साखळीची. पकड एकीच्या नावावर लागते, पण तिचा हात घट्ट धरून ठेवणारीचं नाव स्कोअरशीटवर येत नाही. म्हणून 'पकड तिची, पण साखळी तू सोडली नाहीस' हे शब्द सगळ्यांसमोर यायला हवेत. 2012 मध्ये पाटण्यात पहिला महिला कबड्डी वर्ल्ड कप भारताने जिंकला. त्या टीममधल्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या आपल्या महाराष्ट्राच्या. यातली किती नावं तुम्हाला ठाऊक होती? खरं सांगा!

सहा स्टेशनं पुढे

मी राहते मोऱ्याला, पनवेलजवळ. पनवेलहून लोकल पकडली की सहावं स्टेशन नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2025 ला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा ठोकल्या. टार्गेट होतं 339 चं! याच वर्ल्ड कपमध्ये ती दोनदा शून्यावर बाद झाली होती, एका मॅचला टीमबाहेरही बसली होती. आपण तिसऱ्या नंबरवर जाणार, हे तिला मैदानात उतरायच्या जरा आधी कळलं. जबाबदारी अंगावर पडली आणि ती शेवटपर्यंत उभी राहिली.

पण नुसत्या जबाबदारीने हे झालं का? मॅचनंतर जेमिमाने मोकळेपणाने सांगितलं की, त्या दिवसांत तिला प्रचंड अँग्झायटी होती. ती रडायची, आईला फोन करायची, टीममधल्या मैत्रिणी तिच्याजवळ बसायच्या. मैदानातही समोर हरमनप्रीत होती, दोघींची भागीदारी 167 धावांची. वाटा स्पष्ट आणि पाठीशी माणसं, दोन्ही लागतं. नुसतं मोजत राहिलात तर माणूस घाबरतो. नुसतं 'वी आर फॅमिली' म्हणत राहिलात तर अंगचोरांचं फावतं.

मोजण्यात पैसाही आला बरं का. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयने महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकी मॅच फी जाहीर केली. वन-डेला 6 लाख रुपये. 'तुझा खेळ छंद नाही, काम आहे' हे सांगायची ही एक रोखठोक रीत!

सोमवारी ट्राय करा

* मीटिंग संपताना 'आपण करू' म्हणू नका. कोण, काय, कधी, हे नावानिशी लिहा.
* साखळी धरणाऱ्याचं नाव बॉससमोर आवर्जून घ्या.
* टीममधलं कुणी गप्प गप्प असेल, तर डेडलाइन विचारण्याआधी चहाला न्या.

आणि अंगचोर सापडलाच तर? चढाईला पाठवा त्याला!