जेटबोट घेताय? आधी थ्रॉटल सोडून बघा!

सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात बोट पळवायचं स्वप्न आहे? मग चकाचक रंगावर भाळू नका, ट्रायल पाण्यातच मागा. जेटबोटीला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं, एवढाच फंडा. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननं १९५०च्या दशकात तो उथळ नद्यांसाठी जमवला. बीडमध्ये उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा हे भारीच वाटतं. पण काठाजवळचे खडे, शेवाळंही आत ओढलं जातं, बॉस! आणि खरी मेख म्हणजे थ्रॉटल सोडला की बोट वळतच नाही. समोर मच्छीमाराची होडी दिसली की घाबरून आपण नेमकं तेच करतो. म्हणून लाइफ जॅकेट घालून, मोकळ्या पाण्यात, विक्रेत्याच्या माणसाला शेजारी बसवून थ्रॉटल देत वळायची सवय करा. हात बसेपर्यंत चेकबुक घरीच राहू दे.